सहा महिने आणि वर एक दिवस

पासपोर्टवर तो संपण्याची तारीख छापलेली असते. ती वाचून सहलीचा बेत आखणारा माणूस विमानतळावरून घरी परत येतो. एवढी एक गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्यात माझी एकवीस वर्षं गेली.

बीडच्या बसस्थानकामागे माझं परदेशी सहलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि भिंतीवर समुद्राचं मोठं चित्र. लग्न ठरलेली जोडपी त्या चित्रापुढे उभी राहून फोटो काढून जायची, तिकीट मात्र महाबळेश्वरचं काढायची. यंदा जुलैमध्ये मी शटर शेवटचं खाली ओढलं आणि घरी बसले. घरी बसलेल्या बाईला दिवाळी अंकवाले लिहायला सांगतात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तर आधी नियम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तुम्ही ज्या दिवशी परक्या देशात पाऊल ठेवणार, त्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने तुमचा पासपोर्ट जिवंत असला पाहिजे. थायलंड, सिंगापूर, दुबई, मलेशिया, आपली माणसं जातात तिकडे बहुतेक ठिकाणी हेच. युरोपातल्या बऱ्याच देशांना तिथून निघाल्यानंतरचे तीन महिने पुरतात. कारण साधं आहे. पाहुणा तिकडे जाऊन आजारी पडला, पाय मोडून बसला आणि तेवढ्यात त्याचा पासपोर्ट संपला, तर त्याला परत धाडायचं कसं? म्हणून यजमान दारातच मोजून घेतो. आणि तो मोजायच्या आधी विमान कंपनी मोजते, कारण तिकडून परत पाठवलेला माणूस तिलाच उचलून आणावा लागतो. दहा वर्षांचा पासपोर्ट सहलीपुरता साडेनऊ वर्षांचाच धरायचा.

“मंग दहा छापतेतच कावून?” असं मला केजच्या एका खतविक्रेत्याने विचारलं होतं. बाहेरच्या लोकांना सांगते, खत-बियाणं विकणाऱ्या दुकानदारांनी ठरलेला माल खपवला की कंपन्या त्यांना परदेशी फिरवून आणतात. जिल्ह्यातल्या किती तरी माणसांनी मुंबई धड पाहिलेली नसते आणि बँकॉक दोनदा पाहिलेलं असतं. या गृहस्थांचा पासपोर्ट चार महिन्यांत संपत होता आणि ते माझ्याकडे आले निघण्याच्या तीन दिवस आधी. मी नाही म्हणाले तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. सहल बुडाल्याचं दुःख नव्हतं. केजच्या चौकात त्यांच्या मित्रमंडळाने परदेश दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदनाचा फ्लेक्स आधीच लावला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, मागे विमान.

आता गावात तोंड कसं दाखवायचं? ते ठरलेल्या दिवशी हार गळ्यात घालून जीपमध्ये बसले आणि जिल्ह्यातल्याच लिंबागणेशला बहिणीकडे जाऊन राहिले, सहा दिवस. जाण्याआधी माझ्याकडून बँकॉकची सगळी माहितीपत्रकं घेऊन गेले. बाकीचे दुकानदार परत आले त्या दिवशी हे त्यांना वाटेत सामील झाले आणि गावात पुन्हा हार घालून घेतले. आजही केजच्या बाजारात बँकॉकचं वर्णन त्यांच्याइतकं सुरेख कुणी करत नाही. जे खरंच गेले होते, ते मान डोलावून ऐकतात. माझं नाव त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, मीही त्यांचं सांगत नाही.

दुसरे सलीमभाई, आमच्या बीडातले फळांचे व्यापारी. घरातल्या पाचही जणांचे पासपोर्ट त्यांनी एकाच दिवशी काढले होते. सहा वर्षांनी दुबईला जायचं ठरलं, तेव्हा धाकट्याचा पासपोर्ट वर्षभरापूर्वीच संपलेला निघाला. सलीमभाई पाची पासपोर्ट टेबलावर पत्त्यांसारखे मांडून बसले. “ताई, पेटी येक, माल येक, येकाच दिवशी आल्ता. मंग ह्यो येकटाच कसा नासला?” मी सांगितलं, लहान मुलाला पाचच वर्षांचा मिळतो, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते, कारण मुलांचा चेहरा बदलतो. सलीमभाईंनी पासपोर्टातलं गुबगुबीत पोर पाहिलं, मग बाजूला उभा असलेला, मिसरूड फुटलेला मुलगा पाहिला, बराच वेळ पाहिला. म्हणाले, “बदलला खरा. दुकानाच्या नादात मला दिसलाच न्हाई.” सहल दोन महिने पुढे ढकलली, नवा पासपोर्ट आला, सगळे जाऊन आले. मला खजूर मिळाले.

अशा गोष्टींमुळे माझा एक दंडक होता. कुणाच्याही तोंडच्या तारखेवर विश्वास ठेवायचा नाही. कलेक्टर सांगो की सख्खा भाऊ, पासपोर्ट माझ्या हातात आला पाहिजे, मी स्वतः तारीख वाचणार, कॅलेंडरची पानं उलटून महिने मोजणार, मगच तिकिटाला हात लावणार. लोक वैतागायचे. माझ्या माघारी मला ‘सहामहिनेवाली बाई’ म्हणायचे, ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचं. एकवीस वर्षांत माझा एकही प्रवासी तारखेपायी काउंटरवरून परत आला नाही. या गोष्टीचा मला गर्व होता. अजूनही आहे, फक्त त्यातला थोडा यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात उतरला.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक जास्तीचा महिना येतो आणि त्यात मराठवाड्यातल्या समस्त जावयांचे ग्रह उच्चीचे होतात. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ऐपतीप्रमाणे अंगठी, कपडे, मोटारसायकल. ज्या सासऱ्याकडून हे होत नाही, त्याला पुढची तीन वर्षं पावण्यारावळ्यांत खाली मान घालून बसावं लागतं.

मे महिन्याच्या सुरुवातीला उमापूरचे दिगंबरराव माझ्या दुकानात आले. सत्तरीचे, किराणा दुकानदार, डोक्याला पांढरी टोपी, खिशात घडी केलेलं पंचांग. गावात कुणालाही तिथी विचारायची असली की लोक मोबाइल काढत नाहीत, दिगंबररावांच्या दुकानात जातात. पेरणी, वास्तुशांत, बारसं, सगळं त्यांच्या बोटांवर. बरोबर त्यांची लेक रेखा होती, तिशीतली, शांत. तिचा नवा पासपोर्ट नुकताच आला होता आणि त्याचा फॉर्मही मीच भरून दिला होता.

दिगंबररावांना जावयाला वाणात थायलंड द्यायचं होतं.

मला हसू आलं, पण त्यांना येत नव्हतं. त्यांनी रेखाला बाहेर रसवंतीवर बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. जावई संतोष केजला मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. लग्नाआधी त्याला आखातात नोकरीला जायचं होतं. हौसेने पासपोर्ट काढला, एजंटांच्या पायऱ्या झिजवल्या, पण जाणं झालं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात तो धोंडे खायला उमापूरला आला होता. पंगत बसली होती, पाहुणे होते, आणि दिगंबररावांना चेष्टा सुचली. ते म्हणाले, आमच्या जावयाचा पासपोर्टच तेवढा परदेशी, माणूस केजच्या पुढं सरकला न्हाई. पंगत खदखदून हसली. संतोषने ताटाला नमस्कार केला, उठला आणि गेला. त्या दिवसापासून त्याने उमापूरची पायरी चढली नाही. रेखा सणावाराला यायची, सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. माहेरी एक रात्र राहिली नव्हती.

“जीभ घसरली, ताई,” दिगंबरराव म्हणाले. “आता त्या पासपोर्टवर शिक्का बसल्याबिगर माझं तोंड उजळ व्हायचं न्हाई. पर ह्ये त्याला आधी कळू द्यायचं न्हाई. वाणात द्यायचं, चारचौघांत. बोललो चारचौघांत, तर फेडायचं बी चारचौघांत.”

मला सांगा, असं ऐकल्यावर कोणती बाई नाही म्हणेल? पण आता अडचण आली. जावयाला कळू द्यायचं नाही, म्हणजे त्याचा पासपोर्ट माझ्या हाती यायचा कसा? थायलंडला तेव्हा आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नव्हता, त्यामुळे कागद कुठे पाठवायचेही नव्हते. तिकिटाला नाव आणि नंबर पुरतो. रेखाने घरी जाऊन कपाटातला पासपोर्ट काढला, घाईघाईने फोटो घेतला आणि वडिलांना पाठवला, त्यांनी मला. नाव स्वच्छ होतं, नंबर स्वच्छ होता. संपण्याच्या तारखेवर मात्र मोबाइलच्या फ्लॅशचा पांढरा गोळा बसला होता.

मी दिगंबररावांना फोन केला. मी म्हटलं, रेखाला तारीख विचारून घ्या आणि बघा, निघण्याच्या दिवसापासून सहा महिने भरतात का. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. आवाजात हिशेब जुळल्याचा आनंद होता. “सा म्हैने अन् वर येक दिस. म्या सोता मोजलंय, दोनदा.”

आणि मी तिकिटं काढली. ज्या माणसाला अख्खं गाव तिथी विचारतं, त्याने दोनदा मोजलंय म्हटल्यावर मी तिसऱ्यांदा काय मोजू, असं माझ्या मनात आलं. एकवीस वर्षांत एकदाच आलं.

सहा जूनला मुंबईहून विमान होतं. चार जूनला दुपारी उमापूरला धोंड्याचं जेवण. तिकिटांचं पाकीट माझ्याच हातून जावयाला मिळावं असा दिगंबररावांचा हट्ट होता, म्हणून मी बीडहून गेवराईला आणि तिथून जीपने गेले. ओसरीवर पन्नासेक माणसं. तीन वर्षांपूर्वीच्या पंगतीतले झाडून सगळे बोलावले होते, एकालाही सुट्टी दिली नव्हती. संतोष पाटावर बसला होता, नवा शर्ट, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. रेखाने त्याला कसं आणलं ते तिचं तिलाच माहीत. ती मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. समोर चांदीचं ताट, त्यात तेहतीस अनारसे, निरांजन, आणि अनारशांवर दोन पासपोर्ट. नवरा-बायकोची कागदपत्रं एकत्र असावीत म्हणून रेखाने संतोषचाही आणला होता. दिगंबररावांच्या बहिणीने दोन्हींना हळदकुंकू लावायला बोटं बुडवली, तसा मी झटकन हात मध्ये घातला. पासपोर्टच्या आतल्या पानावर कुंकू लागलं तर यंत्र ते वाचत नाही. मी दोन्ही उचलून घेतले, आणि हात सवयीने पान उघडून बसला.

संतोषचा पासपोर्ट एक डिसेंबरला संपत होता.

सहा जून ते सहा डिसेंबर, सहा महिने. पाच दिवस कमी. मी पुन्हा मोजलं. पुन्हा पाचच. दिगंबररावांना बाजूला घेऊन मी हळूच विचारलं, तुम्ही मोजलं कसं? त्यांनी खिशातलं पंचांग काढलं आणि बोटावर धरून दाखवलं. निघायचं अधिक ज्येष्ठ वद्य षष्ठीला. मग निज ज्येष्ठाची षष्ठी, आषाढाची, श्रावणाची, भाद्रपदाची, आश्विनाची, कार्तिकाची. झाले सहा. पासपोर्ट संपतो त्या षष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे वर एक दिवस. गणित चोख होतं. फक्त चंद्राचे सहा महिने इंग्रजी सहा महिन्यांपेक्षा पाच-सहा दिवसांनी आखूड असतात आणि बँकॉकच्या विमानाच्या काउंटरवर पंचांग चालत नाही.

त्यांना ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी पंचांगाची घडी घालून ते खिशात ठेवलं. चारचौघांत पाकीट दिलं असतं, दोन दिवसांनी संतोष विमानतळावरून परत आला असता, आणि याच पन्नास लोकांनी पुन्हा हसून लोळण घेतली असती. संतोषला वाटलं असतं, सासऱ्याने मुद्दाम केलं. नवा पासपोर्ट दोन दिवसांत होणं शक्य नव्हतं, आणि महिना टळला की वाणाला अर्थ नाही. गप्प राहून आजचा दिवस साजरा करावा असं कदाचित दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. चूक मोजणाऱ्याची नव्हती, न पाहणारीची होती, आणि ते सांगायला माझी जीभ उचलत नव्हती.

मी तोंड उघडायच्या आतच दिगंबरराव ओसरीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सगळं सांगितलं, थायलंड, तिकिटं, तिथी, पाच दिवस, काही लपवलं नाही. मग संतोषकडे वळले.

“जावईबापू, तुमच्या पासपोर्टात खोट न्हाई. मोजण्यात माझी चूक झाली. मागच्या खेपंला बी माझीच चूक झालती. तवाच बोलायचं व्हतं, तीन वर्सं लागली.”

कुणी हसलं नाही. संतोष पाटावरून उठला. मला वाटलं, चालला पुन्हा. त्याने वाकून सासऱ्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “मामा, पाच दिवसांचं काय घेऊन बसलाव. टोपी घाला आदी.”

मग काय विचारता, ओसरीवर एकदम कालवा झाला. रेखाच्या आत्याबाई डोळे पुसत होत्या, कुणी तरी वाढायला घ्या म्हणून ओरडत होतं. मलाही धीर आला आणि माझ्यातली दुकानदारीण जागी झाली. मी सांगितलं, नेपाळला आपल्याला पासपोर्टच लागत नाही, मतदान कार्डावर विमानात बसता येतं. परवाच निघा, तिकिटांचं मी बघते, माझी चूक आहे. दिगंबररावांचा चेहरा खुलला. नेपाळ परदेसच की, असं ते दोन-तीनदा म्हणाले. संतोषने मतदान कार्ड केजला आहे की खिशात ते चाचपायला सुरुवात केली. काठमांडूला थंडी असते का, यावर पाहुण्यांत दोन तट पडले. मी फोन काढून विमानं बघायला लागले.

“काकू,” स्वयंपाकघराच्या दारातून रेखा मला म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ती कधी बोलत नसे म्हणून सगळे थांबले. “नेपाळ राहू द्या. मला थायलंड बी नको व्हतं. तीन वर्सं झाली, मी ह्या घरात निजले न्हाई. मला आठ दिस हितं ऱ्हायचंय. ह्यांच्यासंगं.”

मी हातातला फोन खाली ठेवला. तिचा फॉर्म मी स्वतः भरला होता. नाव, जन्मगाव, नवऱ्याचं नाव, आईचं नाव, एकेक रकाना तिला समोर बसवून विचारला होता. तुला कुठे जायचंय, हे मी तिला विचारलं नव्हतं.